म्हातारीच्या पायाखाली

काकांच्या बाइंडिंगच्या दुकानात कागद कापायचं एक बिडाचं मशीन होतं. काका त्याला म्हातारी म्हणत, आणि काकू हयात असताना त्यावरून घरात दोन दिवस अबोलाही झाला होता. म्हातारीचा एक पाय कधीकाळी तडकलेला. जागेवरून हलवली की तो तुटणार, आणि तसला पाय आता कोणी ओतून देत नाही. म्हणून काका आठ दिवस नीट जेवत नव्हते.

झालं होतं असं, की दुकानाची फरशी दबत चालली होती. खाली कुठेतरी पाण्याचा पाइप गळत होता. तो कुठून गेलाय हे घरमालकाला ठाऊक नाही, प्लंबरला तर त्याहून नाही. पण प्लंबरने फर्मान काढलं: मशीन बाहेर काढा, सगळी फरशी उखडतो, चार वाजता माणसं घेऊन येतो. डोकं चालेनासं झालं की कुदळ फार चालते, दुसरं काय!

पुतणी श्रवणयंत्रं दुरुस्त करायच्या दुकानात कामाला होती. तिने रजा टाकली आणि दुपारी जेवणं उरकताच आपलं घरी जुळवलेलं यंत्र घेऊन हजर झाली. एक लोखंडी सळई, तिच्या डोक्याला थरथर टिपणारी, बझरमधली पितळी चकती, तिथून वायर एका पत्र्याच्या डब्यातल्या अँप्लिफायरला आणि डब्यातून हेडफोन. सळई फरशीला टेकवली की खालचं गळणारं पाणी ऐकू येईल, असा तिचा हिशोब. काकांनी म्हातारीभोवतीची जागा मोकळी करून दिली. बुडत्याला काडीचा आधार. यांची काडी जरा जड होती, इतकंच.

तिने म्हातारीच्या पायाशी सळई टेकवली, हेडफोन लावला, तर कानात नुसती घूं. पंखा बंद केला, ट्यूबलाइट बंद केली, डबा लांब सरकवला. घूं हटेना. तेवढ्यात वाऱ्याने काकांचे छापील कागद उडाले आणि आठ दिवसांचा सगळा वैताग बाहेर पडला. मागचंपुढचं दोन्ही दारं उघडी टाकलीस तर वारा घुमणारच, एक तरी लाव, असं ते करवादले.

तिने दार लावलं आणि तिथेच थबकली. बाहेरची गुणगुण अडवणारी वायरीवरची तारांची जाळी तिने कालच हौसेने दोन्हीकडे जोडली होती, एक टोक डब्याला, दुसरं सळईला. एकापेक्षा दोन बरी, म्हणून. डब्याला प्लगमधून अर्थिंग होतंच, सळई ओल्या जमिनीला टेकलेली. म्हणजे इथेही दोन्ही दारं उघडी, आणि विजेची गुणगुण मधल्या मध्ये घुमतेय. तिने सळईकडचं टोक कापलं. घूं गेली.

मागे उरली एक बारीक सळसळ, चाळणीतून रेती पडावी तशी. ही अँप्लिफायरचीच खोड, असं तिने धरलं. आधी एक रेझिस्टर बदलला, मग दुसरा, मग ट्रान्झिस्टर. सोल्डरने बोट भाजलं. सळसळ जशीच्या तशी. साडेतीन वाजले. काका म्हातारीच्या चाकावरची धूळ पुसत होते, आणि धूळ चाकावर नव्हतीच.

मग तिला श्रवणयंत्रांच्या दुकानातल्या मालकीणबाईंचा पहिला धडा आठवला, जो तिने पहिलाच विसरावा याची तिला लाज वाटली. यंत्र कुरकुरलं की आधी त्याचं तोंड बांध, मग बघ बोलतंय कोण. तिने चकतीच्या दोन्ही तारा डब्याच्या तोंडाशी स्क्रूड्रायव्हरने एकमेकींना जोडल्या.

चिडीचूप. तिच्या हातच्या डब्यात दोषच नव्हता. स्क्रूड्रायव्हर काढला, सळसळ आली. सळई उचलली, गेली. टेकवली, आली. दीड तास ती ज्याला शिव्या घालत होती, ते पाणी होतं.

ती वीत वीत सरकत गेली. बेसिनपाशी आवाज बारीक, कपाटापाशी थोडा मोठा, आणि उंबऱ्याच्या डाव्या फरशीवर तर कान भरून गेले. नुसती सळसळ नव्हती ती. आत खडे एकमेकांवर आपटत होते, मध्येच गुळगुळ होत होती, पुन्हा धार लागत होती. ज्या उंबऱ्यावरून ती लहानपणापासून उड्या मारत आली, त्याच्याखाली एवढं काही चाललं होतं आणि तिला पत्ता नव्हता. तिने हेडफोन काकांच्या कानांवर ठेवला. काकांनी ऐकलं आणि पायातल्या चपला काढल्या.

चार वाजता प्लंबर माणसं आणि पहारी घेऊन आला. काका म्हातारीच्या आड उभे राहिले.

"एकच फरशी काढायची," ते म्हणाले. "ही."

प्लंबर हसला, पण त्याने पहार लावली. फरशी उचलली तशी पाण्याची चूळ त्याच्या विजारीवर आली. पाइपचा जोडच सुटला होता. तासाभरात नवा बसला. जाताना तो सळईकडे वळून वळून बघत होता.

काकांनी पुन्हा हेडफोन मागितला. सळई म्हातारीच्या तडकलेल्या पायाशी टेकवायला लावली आणि डोळे मिटून कान दिला.

"काय ऐकू येतंय, काका?"

"काहीच नाही गं," ते म्हणाले. "आता तिची मूठ ओढ."

तिने मूठ ओढली. पातं वह्यांच्या थप्पीवर उतरलं. काकांच्या कानांत काय उमटलं ते त्यांनाच ठाऊक, पण मिटल्या डोळ्यांनी त्यांनी हात पुढे केला आणि बिडावर पालथा ठेवला.

"जागेवर आहे," ते म्हणाले.