परमिंदरची भिंत

"मम्मा, आपने अपनी फोटो यहाँ कब लगाई?" कश्मिराने विचारलं.

आम्ही मायलेकी उन्हापासून पळून त्या छोट्या कलादालनात शिरलो होतो. समोर भिंतींचे फोटो लावलेले होते. रंग उडालेल्या भिंतीवर उरलेला कॅलेंडरचा चौकोन, खिळ्यांची भोकं, दाराच्या चौकटीवर पोरांची उंची मोजलेल्या पेन्सिलच्या रेघा. माणूस कुठेही नाही. हे सगळं माझं होतं, आणि त्यातला एकही फोटो मी काढलेला नव्हता. खाली नाव होतं परमिंदर ढिल्लों, मुल्लानपूर.

आमचं घर म्हणजे बदलीवाल्यांचं. नवरा हर्षवर्धन एअर फोर्समध्ये, त्यामुळे जोरहाट झालं, जामनगर झालं, बीदर झालं, आता चंदीगड. दर बदलीला नवं क्वार्टर, आणि किल्ली हातात पडते न पडते तोच रंगवाले दारात हजर. त्यांना कधी चहा पाजून, कधी भांडून थोपवायचं आणि आधीच्या लोकांच्या खुणांचे फोटो काढायचे, हा माझा नाद. ट्रंका बांधलेल्या, पोर भुकेली आणि बाई भिंतींपुढे उभी. हर्षवर्धनने कपाळाला हात लावणंही आता सोडून दिलंय. इतकी वर्षं हे मी कुणाला दाखवलं नव्हतं. यंदा पहिल्यांदा धीर केला. दिल्लीच्या एका प्रदर्शनाच्या पहिल्या फेरीत माझं काम निवडलं गेलं होतं आणि शनिवारपर्यंत शेवटचे फोटो पाठवायचे होते. आता बघणारे काय म्हणणार? चंदीगडला गेली आणि परमिंदरचं उचलून आणलं.

घरी येऊन मी भांडी आपटली.

"अगं, दोन बायकांनी सारखीच पुरणपोळी केली म्हणून त्यातली एक चोर ठरते का?" हर्षवर्धन म्हणाला.

"हे लिहून पाठवू का दिल्लीला?"

"पाठव की. आणि त्या बाईंना एकदा भेट. नाहीतर माझे सगळे कप फुटतील."

त्याला हसायला काय जातं. मला झोप नाही की जेवण गोड लागत नाही. त्यात वाईट म्हणजे तिचे फोटो माझ्यापेक्षा चांगले होते. मी जळत होते आणि तिला भेटायची घाईही मलाच झाली होती. माझ्यासारखं बघणारं माणूस मला आजवर भेटलंच नव्हतं. शेवटी कलादालनातून नंबर मिळवला आणि गुरुवारी सकाळी गाडी चंदीगडला लागून असलेल्या मुल्लानपूरकडे वळवली.

अर्धवट रस्ते, उंच इमारतींचे सांगाडे, मधेच कापलेल्या गव्हाच्या शेताचा एखादा तुकडा. तिची गल्ली निम्मी पाडून झाली होती. परमिंदर साठीच्या पुढची, उंच, चुन्नी खांद्यावर टाकलेली, दारातच उभी होती. मी लॅपटॉप उघडून माझे फोटो दाखवले. ती एकेक बघत गेली आणि हसायलाच लागली.

"तुम तो मेरी जुड़वाँ निकली."

मग आमचं असं काही जमलं की चहा गार झाला. तीही तिरपं ऊन येईपर्यंत थांबते. तिच्याही घरचे तिला वेडी म्हणतात. गावातलं घर पाडायचं ठरलं की ती आदल्या दिवशी जाऊन भिंती टिपते. मी विचारलं, "और इस घर की?"

तिने बांधून ठेवलेल्या सामानाकडे बोट दाखवलं. तिच्या मुलाने जमीन विकली होती, फ्लॅट घेतला होता आणि उद्या हे घर पाडायला येणार होते.

"सबके घर खींचे. इसका नहीं हो रहा. कैमरा उठाती हूँ, रख देती हूँ." तिने माझ्याकडे बघितलं. "तुम खींच दो. तुम्हारी आँख मेरी वाली है. बस दीवार, बेटे. मैं नहीं."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं आणि त्याच भरात मी बोलून गेले, "आंटी, हमारा तो हर दो-तीन साल में घर बदलता है. चार दिन बुरा लगता है, फिर आदत हो जाती है."

आम्हा बदलीवाल्यांकडे हे एकच औषध, दिसेल त्या दुखण्यावर देतो. शेजारीण रडली की हेच, पोर रडलं की हेच.

"तुम्हारा घर सरकार का था," ती शांतपणे म्हणाली. "इसमें मैं ब्याह के आई थी."

जीभ हासडून टाकावीशी वाटली. मी मुकाट्याने कॅमेरा घेतला आणि आतल्या खोलीत गेले.

खोली रिकामी होती. फिकट हिरव्या भिंतीवर कपाटाची, आरशाची, देवघराची जागा दिसत होती. एकच फोटो अजून टांगलेला होता, तिच्या नवऱ्याचा. खिडकीतून ऊन यायला लागलं होतं. मी कोपऱ्यात जागा धरली. तेवढ्यात परमिंदर तो फोटो काढायला आत आली. मी तिथे आहे हे ती बहुतेक विसरलीच. तिने स्टुलावर चढून फोटो उतरवला, काखेत धरला, आणि खाली उरलेल्या गडद चौकोनावर तळहात ठेवून तशीच उभी राहिली.

मी बटण दाबलं. ती नको म्हणाली होती आणि मी दाबलं.

आवाजाने ती वळली. खाली आली, चुन्नीने चष्मा पुसला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर बराच वेळ बघत राहिली. मी आजवर काढलेला सगळ्यात चांगला फोटो होता तो. मला ते कळत होतं आणि लाज अशी की डोक्यात तेव्हा दिल्ली होती.

"ये मैं कभी न खींचती," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मैं रुकती. जब तक वो औरत हट न जाए, तब तक रुकती."

तिने कॅमेरा माझ्याकडे सरकवला.

"मिटा दो, बेटे."

मी गयावया केली असती तर कदाचित तिने ठेवूही दिला असता. मी तिच्यासमोरच तो पुसून टाकला. मग ती बाहेर जाऊन बसली आणि मी भिंत टिपली, रिकामी, तिरप्या उन्हात, तिने काढली असती तशी. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड तिच्या हातात देऊन निघाले.

मुल्लानपूरच्या त्या अर्धवट रस्त्यावर गाडी बाजूला घेऊन मी रडले. तिचं घर जाणार म्हणून रडले असं सांगायला बरं वाटेल, पण आधी रडले ती फोटोसाठीच. घराचं दुःख मागून आलं.

संध्याकाळी दिल्लीला फोटो पाठवून दिले. एकही बदलला नाही. कुणी विचारलंच की ही परमिंदरची नक्कल का, तर वेगळं म्हणून दाखवायला माझ्याकडे काही नाही. पण ती थांबली असती आणि मी थांबले नाही, एवढं आता मला ठाऊक आहे. आणि तेव्हापासून कुठल्याही रिकाम्या भिंतीसमोर उभी राहिले की चैन पडत नाही. ऊन तिरपं होतं, चौकट जमते, आणि मी बटण न दाबता कुणीतरी आत येण्याची वाट बघत राहते.