मऊ पुरचुंड्या

लॅव्हेंडरची पुरचुंडी शिवावी तर ह्वार बेटावर मांदेनंच, म्हणजे मीच. कपाटात ठेवा, कसर फिरकत नाही. उशीखाली ठेवा, सासूसुद्धा गप झोपते. आमचे आजेसासरे बोटीनं चिलीला गेले तेव्हा ट्रंकेत सहा पुरचुंड्या होत्या. माणूस परत आला नाही, कोट आला. एक भोक नव्हतं. चर्चमधल्या झग्यांच्या पेटीत तर एकवीस वर्षं माझ्याच पुरचुंड्या. हा मान हिरावून घेणारीला जन्म देणारी माय अजून व्यायची होती.

ती केव्हाच व्याली होती. तिची लेक म्हणजे माझी धाकटी जाऊ, विंका.

ईस्टर झाल्यावर फादर आंद्रो म्हणाले, तुझ्या पुरचुंड्यांतल्या काड्या टोचतात, शिंका येतात, यंदा विंका करू दे. विंकाच्या म्हणे मऊ असतात. मी हसून बरं म्हटलं आणि घरी येऊन दोन बश्या फोडल्या. एवढ्याशा पुरचुंडीचं काय घेऊन बसलीस, असं नवरा म्हणाला. आठवडाभर त्याला सार्डिन थंडच मिळाले.

गावच्या संताचा सण तीन आठवड्यांवर होता आणि चर्च झाडायची पाळी माझी. ठरवलं, तिच्या पुरचुंड्या काढायच्या, माझ्या ठेवायच्या, आणि सणाला फादरनी वासाचं कौतुक केलं की सगळ्यांदेखत सांगायचं कुणाच्या ते. पण वाळलेली फुलं मी बंदरावर पर्यटकांना विकून बसले होते. मग पहाटे अंगणातली दवात भिजलेली खुडली आणि तशीच भरली. दहा दिवस सावलीत वाळवा म्हणून अख्ख्या गावाला शिकवणारी मी. चर्च झाडताना त्या पेटीत ठेवल्या आणि विंकाच्या घरी आणून माझ्या चुलीत घातल्या. आळीभर घमघमाट सुटला. विंकाच कुंपणावरून म्हणाली, "जाऊबाई, काय छान वास येतोय तुमच्याकडून."

सणाच्या चार दिवस आधी फादरनी पेटी उघडली. सोनेरी झगा गळ्यापासून काठापर्यंत बुरशीनं हिरवा. म्हटलं, संपली विंका.

विंका रडली. इतकी छान रडली की गाव तिच्या दारी लोटलं. कुणी ऑक्टोपस आणला, कुणी ऑलिव्हचं तेल. फादर स्वतः तिच्या अंगणात अंजिराची वडी खात सांगत होते, हवाच दमट, तुझा काय दोष. एकवीस वर्षांत मला कुणी साधा सार्डिन दिला नव्हता. मला बघवेना.

"पुरचुंड्या माझ्या होत्या," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "मीच बदलल्या."

मग फादरनी डोळे पुसले. "बघा, जावेसाठी आळ अंगावर घेतेय."

विंका गळ्यात पडली. "जाऊबाई, तुमच्यासारखं मन देवानं मला का नाही दिलं?"

ऑक्टोपस तिच्याकडेच राहिला.

झगा धुवायचं काम आम्हा दोघींना मिळालं. आतून लोकरीचं अस्तर आहे, गार पाणी घेऊ, असं विंका म्हणाली. म्हणून मी कढत म्हटलं. मोठी मी, त्यामुळे कढतच घेतलं.

सणाच्या दिवशी झगा फादर आंद्रोंच्या बेंबीपर्यंत आला.