आबांच्या वाट्याचं खत

"हे तुमच्याकडे, आबा," असं म्हणत मॅनेजरसाहेबांनी खताच्या पिंपाचं झाकण उघडलं आणि स्वतः चार पावलं मागे सरकले.

आत सडलेल्या साली, अंड्यांची टरफलं, तळाशी काळं पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. आबांनी तोंड फिरवलं.

"माझ्याकडे का?"

"अहो, तुम्हाला सवय आहे ना! आम्ही बँकेत नुसते कागद काळे केले."

गच्चीवरची म्हातारी मंडळी हसली. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं.

आबांनी उभी हयात शहराच्या गटारांत काढली होती. झाकण सरकवायचं, कमरेला दोर बांधायचा आणि खाली उतरायचं. हाताला काय लागलं ते बघायचं नाही, बघितलं तर घरी जेवण जात नसे. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी कामाचे कपडे जाळून टाकले. बायको गेल्यावर मुलगी त्यांना आपल्या घरी घेऊन आली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर आबा खिडकीशी बसून राहत. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. डॉक्टर म्हणाले, "बागकामाला लावा. हातपाय हलतील, झोप लागेल, चार माणसं भेटतील." इमारतीतल्या म्हाताऱ्यांनी गच्चीवर बाग केलीच होती. मुलीने आबांना न विचारता त्यांचं नाव देऊन टाकलं.

रात्री जेवताना आबा म्हणाले, "मी उद्यापासून वर जाणार नाही."

"महिनाभर तरी करून बघा, आबा. घरात बसून बसून गंजाल."

"गंजू दे."

"पण त्यांना त्यात काय एवढं?" जावई घास चावत हसला. "सगळा जन्म त्यातच गेला की!"

आबांनी ताट पुढे सरकवलं. "सवय कातड्याला होते. माणसाला होत नाही."

मुलीने नवऱ्याकडे रोखून पाहिलं. सकाळी ती आबांना हळूच म्हणाली, "माझ्यासाठी जा ना."

आबा गेले. तोंडाला फडकं बांधून काठीने पिंप ढवळू लागले. बाकीचे झाऱ्या घेऊन फुलझाडांमधून फिरत, कुणाची साखर किती वाढली यावर तावातावाने बोलत. कुणाला खत हवं असलं की तो लांबूनच घमेलं पुढे करी. आबा भरून देत. घमेलं उचलून नेताना ती मंडळी त्यांच्या बोटांना बोट लागू देत नसत.

खोटं कशाला बोला, फरक पडला होता. गुडघे मोकळे झाले. झोप लागू लागली. एकदा तर आबांनी आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली तेव्हा मुलीचा चेहरा उजळला. पण आपलं भलं व्हावं तेही याच घाणीतून, याचीच आबांना किळस येई.

एका सुट्टीच्या दिवशी मुलगी कपडे वाळत घालायला गच्चीवर आली होती. कुणीतरी नळ चालू ठेवला होता आणि गच्चीचं पाणी जायचं भोक तुंबलं होतं. पिंपातून गळलेलं काळं पाणी त्यात मिसळून कुंड्यांभोवती घोटाभर साचलं. वर साय धरल्यासारखा फेस. सगळे नाकाला रुमाल लावून भिंतीला चिकटले आणि एकेक करून आबांकडे बघू लागले.

"आबा, जरा हात घालता का?" मॅनेजरसाहेब म्हणाले. "दोन मिनिटांचं काम."

"नाही."

"अहो, बाग सगळ्यांची आहे."

"मग सगळ्यांनी हात घाला."

कुणी हललं नाही. मागून एक बाई पुटपुटली, "एवढा कसला तोरा? जन्मभर तेच केलं ना!"

मुलीने हातातली बादली खाली ठेवली. बाही वर सारली, त्या पाण्यात गुडघे टेकले आणि कोपरापर्यंत हात भोकात घातला.

"अगं, हात काढ!" आबा ओरडले. "काढ म्हणतो ना!"

तिच्या बोटांत काहीतरी बुळबुळीत आलं, केसांचं, मऊ. मान वळवून ती बाजूला ओकली आणि पुन्हा ओढू लागली. एक काळा लगदा बाहेर आला. पाणी गुडगुडत उतरू लागलं.

ती तिथेच बसून राहिली. दुसऱ्या कुणाचा असावा तसा तो हात तिने अंगापासून लांब धरला होता.

"आबा... रोज?"

"रोज," आबा म्हणाले. या पोरीचा हात कधी तिथे जाऊ नये, एवढ्यासाठी तर ते खाली उतरत आले होते.

संध्याकाळी मॅनेजरसाहेब दारात आले. "खताचं आम्ही पाळीपाळीने बघू. तुम्ही गुलाब सांभाळा." आपण केवढं मन मोठं केलं, याचं समाधान त्यांच्या तोंडावर तुपासारखं पसरलं होतं. ते बघून आबांनी पुन्हा तोंड फिरवलं.

"बघतो," आबा म्हणाले आणि दार लावून घेतलं.

चार दिवस ते वर गेले नाहीत. पाचव्या दिवशी धुतलेला पांढरा सदरा घालून निघाले. मुलगीही सोबत आली. कोपऱ्यात मॅनेजरसाहेब नाकाला फडकं बांधून पिंपाशी झटापट करत होते. आबांनी तिकडे बघितलं नाही. गुलाबाच्या मुळाशी माती भुसभुशीत केली, सुकलेली पानं खुडली. एक फूल नुकतंच पुरतं उमललं होतं.

"वास तर घेऊन बघा, आबा!" मुलगी म्हणाली.

आबा वाकले. डोळे मिटून त्यांनी खोल श्वास घेतला. मग आणखी एक. पाठीमागच्या पिंपाचा वास येत होता, अगदी लख्ख. गुलाबाचा काहीच येत नव्हता. गटारातल्या त्या हवेने इतक्या वर्षांत नेमकं एवढंच खाऊन टाकलं होतं आणि ते आज कळत होतं.

"छान आहे," ते म्हणाले आणि मुलीला जागा देत बाजूला झाले.