डावीकडे सरकलेले आकडे

बसमध्ये खिडकीची जागा मिळालीय. मानेसरला, माझ्या कारखान्यावर पोचायला अजून पाऊण तास आहे, तेवढ्यात लिहून टाकते. घरी लिहायला बसले की लुंबिनीला कसं कळतं कोण जाणे, लगेच जागी होते.

लुंबिनी सातव्या महिन्यात जन्मली. दीड किलोची. तेवीस दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि मी पेटीच्या भोकातून हात घालून तिच्या तळपायाला बोट लावून बसायचे. त्यामुळे मध्यंतरी एका सोमवारी डॉक्टरबाई म्हणाल्या, "वजन दो हफ़्ते से वहीं का वहीं है. शुक्रवार को दूध का रेकॉर्ड लाइए. दिन का साढ़े छह सौ मिली नहीं जा रहा, तो भर्ती करके नली लगानी पड़ेगी," तेव्हा मला आधी ते भोकच दिसलं.

दोन आठवडे म्हणजे मी कामावर परतले तेव्हापासूनचे. सिद्धांत, माझा नवरा, सकाळी आठला त्याच्या इन्स्टिट्यूटला जातो. दिवसभर दिल्लीत मुनिरकाच्या आमच्या दोन खोल्यांत लुंबिनी आणि माझे सासरे दादाराव, आमचे बाबा. सासूबाई नाहीत. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेत, मूळ यवतमाळकडचे. लुंबिनी अजून अंगावर ओढून पीत नाही, म्हणून दूध काढून, मोजून, बाटलीनेच द्यावं लागतं. त्यासाठी मी एक शीट केली होती, आमच्या तिघांच्या फोनवर उघडणारी: वेळ, किती मिली, शेरा. पाजलं की भरायचं. कारखान्यात दिवसभर मी असल्याच शीटा सांभाळते, मग घरी का नाही?

बेरीज मात्र केली नव्हती. ती सोमवारी केली, रोजची वेगळी, दुसऱ्या पानावर.

रविवारी सातशे. बाकी रोज साडेतीनशे, तीनशे साठ, साडेतीनशे.

रविवारी मी घरी असते.

मी सूत्र तपासलं. ओळी सुटल्यात का पाहिलं. मधली एखादी ओळ लपलीय का, तेही पाहिलं. अख्खा रकाना निवडून 'आकडा' असं स्वरूप दिलं. बेरीज ढिम्म हलली नाही. ऑफिसात एवढ्यावर मी सांगते, शीट बरोबर आहे, माल कमी आलाय.

बुधवारी संध्याकाळी घरात पाय टाकला. बाबा लुंबिनीला खांद्यावर घेऊन ढेकर काढत होते. मी चप्पलसुद्धा काढली नव्हती.

"बाबा, दुपारी डोळा लागतो का तुमचा?"

"लागतो ना. ती झोपली की लागतो."

"तसं नाही. तिची दूध प्यायची वेळ चुकते का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चार वेळा पाजतो. लिहिलंय सगळं."

"मग साडेतीनशे मिली गेलं कुठे?"

माझा आवाज चढला होता. बाबांनी लुंबिनीला माझ्याकडे दिलं, बाटली उकळत ठेवली, आणि चहा न घेता खाली गल्लीत निघून गेले. चहा न घेता बाबा कुठे जात नाहीत.

सिद्धांत आला तेव्हा मी रडत होते. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा असं नाही करणार यार."

"मला काय हौस आहे? बेरीज बघ ना!"

"चलो, हातानेच करू. मी वाचतो, तू मिळव. मंगळवार घे." त्याने फोन उघडला. "नाईंटी. मग... हा एटी-फाइव्ह ना? मग... अगं, हा नऊ आहे की सहा?"

"दे इकडे. नऊ आहे, नव्वद. एवढंही वाचता येत नाही?"

"मराठीतला आहे. दिल्लीच्या शाळेत कुणी शिकवला आम्हाला?"

मी फोन हातात घेतला आणि तशीच थांबले. पहाटेचा माझा 90. त्याखाली बाबांचे ८५, ९०, ८०, ९५. पुन्हा माझा 90. गेले दोन दिवस मी हे आकडे कितीदा पाहिले होते! माझ्या डोळ्यांना दोन्ही सारखेच, अडखळायला झालंच नव्हतं. बाबांचा अख्खा फोन मराठीत आहे, कीबोर्डवरचे आकडेसुद्धा. पस्तीस वर्षं दिल्लीत हिंदी बोललो, आता फोन तरी आपला असू दे, असं ते म्हणतात.

शीट सुबक दिसावी म्हणून मीच सगळे आकडे चौकटीच्या मधोमध बसवले होते. ते काढून टाकलं. माझे आकडे टुणकन उजवीकडे गेले. बाबांचे सगळे डावीकडे. शीट आकडे उजवीकडे ठेवते, अक्षरं डावीकडे. बाबांनी पाजलेलं सगळं दूध तिने अक्षरं समजून वगळलं होतं, आणि चूक झाली म्हणून कुठे कुरकुरही केली नव्हती.

मी हाताने बेरीज केली. मंगळवार, सातशे.

तेव्हाच बाबा वर आले. मी उठून उभी राहिले. "बाबा, चुकलं माझं. तुमचे आकडे धरलेच नव्हते तिने. मराठी आहेत म्हणून."

"कोणी, लुंबीने?"

"शीटने."

"मग शीटने माफी मागावी. तू कशाला?" खुर्चीत बसून त्यांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तू विचारलंस ते बरं केलंस. पोरीसाठी आईने विचारायलाच पाहिजे. उद्यापासून तुमच्या आकड्यांत लिहितो."

"बिलकुल नाही," मी म्हटलं. शेजारी एक नवा रकाना केला. बाबांनी लिहिलेला प्रत्येक आकडा तो मुकाट्याने बदलून घेतो आणि मगच बेरजेला देतो. शीटने शिकावं. बाबांनी खूप शिकून झालंय.

शुक्रवारी आम्ही चौघंही दवाखान्यात गेलो. मी शीट छापून नेली होती. डॉक्टरबाईंनी बेरजा पाहिल्या. "दूध तो पूरा जा रहा है. फिर वजन क्यों नहीं बढ़ रहा?" मग त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं. "ये क्या लिखा है?"

शेरा. फोनवर तो रकाना पडद्याबाहेर राहतो आणि मी कधी सरकवून पाहिलाच नव्हता. फायलींवर टिपणं लिहिण्यात बाबांची नोकरीची सगळी वर्षं गेली. प्रत्येक वेळेपुढे त्यांनी काहीतरी नोंदवलं होतं. 'पंख्याकडे पाहून हसली.' 'उलटी नाही.' आणि सहा ठिकाणी, 'लघवी करताना रडली.'

मी ते हिंदीत सांगितलं. डॉक्टरबाईंनी मान वर केली. "छह बार? ये किसने लिखा?"

"मैंने," बाबा म्हणाले. शाळेत उभं केल्यासारखे ते उठूनच उभे राहिले होते.

"बैठिए, अंकल. यूरिन टेस्ट करते हैं."

लघवीत जंतुसंसर्ग निघाला. वेळेवर सापडला, औषधाने जाईल, असं बाई म्हणाल्या. भरती नाही, नळी नाही. दूध कमी पडतंय असं समजून नळी लावली असती, तर जंतू आतच राहिले असते.

औषध संपून आठवडा झाला. काल दवाखान्यात काट्यावर ठेवलं तर पाच किलो चाळीस ग्रॅम. दोनशे वीस वाढले. काट्यावर वाकून बाबांनी दोनदा वाचलं आणि सिद्धांतला म्हणाले, "लिही."

"मराठीत लिहू?"

"जमेल?"

सिद्धांतने बोटाने हवेत आधी पाच काढून पाहिला. उलटा काढला. डॉक्टरबाईसुद्धा हसल्या. बाबा त्याचं बोट धरून पाच गिरवत होते आणि मी लुंबिनीला झबलं घालत होते. बंद काही लागेनात. मी बाबांकडे पाहिलं. आभार मानायचे होते, पण त्यांचं लक्षच नव्हतं. आता पाचनंतरचं शून्य चाललं होतं.