एक जूनची जन्मतारीख

मित्रांनो, मी शाळा सोडल्याचा एक जुना दाखला आहे. माझ्यात एकच गोष्ट खोटी आहे, आणि नेमकी तीच सगळ्यांनी खरी मानली.

नरसिंह घोलप लहानपणी दिवसभर घराच्या कौलांवर असायचा. खालून हाका मारून आई थकली. शेवटी वडिलांनी त्याला उतरवला आणि थेट शाळेत नेला. तिथे सहा वर्षं पुरी हवीत, असा नियम. गुरुजींनी डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला सांगितलं. हात लांब होते, कान सापडला. "झाली सहा," असं म्हणून गुरुजींनी सोयीची तारीख लिहिली, एक जून. पोराला पाचही पुरी नव्हती. पुढे तीच तारीख माझ्या अंगावर उतरली.

मग माझे चांगले दिवस आले. उड्डाणाचं शिक्षण, परवाना, नोकरी. प्रत्येक खिडकीत आधी मला पाहत, मग नरसिंहला. तो कॅप्टन झाला, साहेब झाला. दिल्लीत द्वारकेला घर घेतल्यावर साहेबांनी मला करोल बागेतून प्लास्टिकमध्ये बंद करून आणलं आणि कपाटात ठेवून विसरले. माझी तक्रार नाही. वैमानिक मंडळींना जमिनीवरचं फारसं आठवत नाही.

यंदा मे महिन्यात मला एकदम मान आला. पासष्टी भरली की प्रवासी विमान चालवता येत नाही, आणि साहेबांची पासष्टी, माझ्या म्हणण्याप्रमाणे, एक जूनला भरत होती. त्यांच्या पत्नी कुमुदताईंनी सासूबाईंची जुनी वही शोधली. तीत लिहिलं होतं, नरसिंह पोळ्याला झाला, तोही माझ्यावरच्या सालाच्या पुढच्या वर्षीच्या. म्हणजे सव्वा वर्षाचं आकाश अजून शिल्लक! ताईंची हयात केंद्र सरकारात गेलेली. तारीख सुधारण्याचा अर्ज त्यांनी त्याच दुपारी टाइप केला. फक्त सही राहिली.

संध्याकाळी अवनी आली. दिल्लीतल्याच लक्ष्मीबाई नगरात वाढलेली, नऊ वर्षं सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीत बसलेली. डावी खुर्ची कॅप्टनची. वरचं कुणी उतरल्याशिवाय ती मिळत नाही. साहेब उतरले की नंबर अवनीचाच होता. तिनं टेबलावरचा अर्ज वाचला.

"सर, पोळा म्हणजे?"

"बैलांची सुट्टी. एक दिवस."

"और दूसरे दिन?"

"परत जू."

ती हसली. निघताना म्हणाली, "सही करून टाका, सर. मी थांबेन. आदत हो गई है."

साहेब मला हातात घेऊन बसून राहिले. आयुष्यात प्रथमच मला वाटलं, कुणीतरी मला खोटं ठरवावं.

"अहो, सही?" कुमुदताई म्हणाल्या. "हक्काचं आहे तुमच्या."

साहेबांनी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरला. खांदा जरा कुरकुरला.

"आत शिरताना हीच तारीख चालली, कुमुद. बाहेर पडताना कशी नाकारू?"

आता अवनी डावीकडे बसते. साहेब रोज संध्याकाळी गच्चीवर विमानं बघत उभे असतात, आणि चहा निवला म्हणून ताई खालून हाका मारून थकतात.

मित्रांनो, दाखले जपा, तारखा विचारून लिहा. आणि कौलांवर चढलेल्या पासष्टीच्या पोराला हाका जरूर मारा, पण त्याला लगेच खाली ओढू नका.