सत्ताविसाव्या सिपाऱ्याचा सबक

राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या भरे गावातलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. शाळा सुटली की आमच्या पुढच्या खोलीत सतरा मुलं कुराण शिकायला येतात. काही गावातलीच, बाकीची पिरंगुटच्या कंपन्यांत कामाला आलेल्या बिहारी लोकांची. फी नाही. मोहल्ल्यातल्या बायकांनी चटया दिल्या, मी घसा देते. लग्नाआधी पुण्याच्या मदरशात चार वर्षं शिकले, ते असं कामी आलं. नियम एकच. कालचा सबक, म्हणजे धडा, न चुकता म्हणून दाखवायचा, तरच पान उलटायचं. चुकलं तर उद्या पुन्हा तोच.

माझ्या वर्गातली सगळ्यात ढ विद्यार्थिनी शहाऐंशी वर्षांची होती. माझ्या नवऱ्याची आजी, हुरमतबी.

कुराणाचे तीस सिपारे, म्हणजे तीस भाग. आजी जन्मभर सत्ताविसाव्यापर्यंत वाचत आलेली. तिथं एका पानात मोरपीस होतं. तिथं पोचली की परत पहिल्या पानावर. घरचे म्हणायचे, असतं एकेकाचं वेड. मोतीबिंदू काढून तिला नीट दिसायला लागलं तेव्हा मीच मागे लागले, की आता खत्म करा, तिसावा सिपारा संपवूनच टाका. तिच्यासाठी वाटत होतंच, पण खोटं कशाला बोलू, मलाही मिरवायचं होतं. माझ्या हाताखालचा पहिला खत्म, तोही शहाऐंशीच्या आजीचा! कुणाकुणाला बुंदी वाटायची तेही मी ठरवून टाकलं. बाजारात तुरी, दुसरं काय.

आजी बसली पहिल्या रांगेत. मोरपिसाच्या पानावरचा सबक घडाघडा म्हणायची आणि शेवटच्या ओळीत हमखास अडखळायची. मी सांगायची, ती मान डोलवायची, दुसऱ्या दिवशी तिथंच गाडी अडायची. असे एकोणीस दिवस गेले.

तेवढ्यात निखत त्याच सबकाला येऊन पोचली. दहा वर्षांची, कटिहारची, वर्गातली सगळ्यात हुशार. तिच्या बापाचं इथलं काम संपलं होतं. ईद झाली की ते गावी परतणार होते, आणि तिथं तिला शिकवणारं जवळपास कुणी नव्हतं. जायच्या आत तिचा खत्म व्हायलाच हवा होता. तिनं सबक न चुकता म्हटला. मी पान उलटायला गेले, तर पोरीनं पानावर हात ठेवला.

"आपा, दादी से आगे कैसे जाऊँ? बेअदबी होगी."

समजावलं, रागावले, तिच्या आईलाही बोलावलं. पोरगी हलेना. सहा दिवस फुकट गेले.

सातव्या दिवशी दुपारी मी वाळलेले कपडे घेऊन आत आले, तर आजी सुपात तांदूळ निवडत सबक पुटपुटत होती. शेवटची ओळ आली. आजीनं ती स्वच्छ म्हटली, एकही चूक नाही. माझं डोकंच फिरलं.

"आजी, येतंय की तुमाला! मग माज्याम्होरं रोज का चुकताय?"

"वरडू नगंस. बस हितं," आजी म्हणाली. "ह्यो सबक माज्या अम्मानं दिलाय. तिलाच ऐकवायचा हाय."

ती निजामाच्या मुलखातली, धाराशिवकडची, एवढंच मला ठाऊक होतं. तिची आई गावातल्या मुलींना ओसरीवर कुराण शिकवायची, हे त्या दुपारी कळलं.

"मी नऊ वर्साची. आदी रझाकारांनी लोकांला लई छळलं. मग फौज आली, आन् सूड निगाला आमच्यावर. आमी कुनाची काडी उचलली नव्हती. शेजारची चंद्राबाई मला आन् अम्माला घिऊन जवारीत शिरली. तितं अम्माला आटवलं, सबकाला आलेली शिंप्याची लेक तापानं आमच्या घरातच निजलीया. अम्मानं कुरान माज्या छातीशी दिलं. म्हनली, सकाळचा सबक पाट कर, मी आले की ऐकते. मी म्हनलं, अम्मा, नगं जाऊ. दुसऱ्याच्या लेकीपायी मला टाकून गेली."

"मग?"

"मग काय! दोगी बी आल्या न्हाईत. मामानं मला हिकडं आनलं. सबक तर दिस मावळायच्या आतच पाट झाला हुता." तिनं सूप हलवलं. "मी त्यो दुसऱ्या कुनाला दिला, की अम्मा यायची न्हाई हे पक्कं झालं. न्हाई दिला, तवर तिचं येनं बाकी हाय."

या बाईला मी इतके दिवस ढ म्हणत होते, याची लाज वाटली.

"नका देऊ सबक," मी म्हणाले. "निखतचं बघते मी."

"तिचं काय? तिला येत न्हाई म्हनून ऱ्हायलीया न्हवं?"

आजीला ऐकू कमी येतं. मागच्या रांगेत काय चाललंय हे तिला कळलंच नव्हतं. मी गप्प बसायला हवं होतं, पण माझी जीभ! सगळं सांगून बसले. पोरगी तुमच्यासाठी थांबलीय, ईदनंतर ती जाणार, मग तिचं कुराण अर्धवटच राहील.

आजीनं सूप बाजूला सारलं.

"दुसऱ्याची लेक," एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी ती वजू करून, हातपाय-तोंड धुऊन, सगळ्यांच्या आधी येऊन बसली. सबक सुरू केला. शेवटच्या ओळीशी आली आणि थांबली. पोरं नेहमीसारखी चुळबुळत होती. तिनं डोळे मिटले आणि ती ओळ म्हटली, शेवटच्या अक्षरापर्यंत, न चुकता.

पान उलटणं माझं काम होतं. पण तिनंच ते उलटलं. मागं निखतनं लगेच आपलं पान उलटलं आणि नवा सबक वाचायला लागली, मोठ्यानं, भराभर, सहा दिवसांची कसर भरून काढत.

आजी माझ्याकडे बघत होती. सत्त्याहत्तर वर्षं ही बाई या क्षणाला थोपवून बसली होती.

"बरूबर हुतं का गं?" तिनं विचारलं. हा बारीक आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"व्हय बाळा," मी म्हणाले. "एक बी चूक न्हाई."