जवारीचा हात

माघ सरत आला होता. मिरजेच्या त्या गल्लीत सकाळ उतरली ती हळदुवी, कोवळी, किंचित पेंगुळलेली. आणि गच्चीगच्चीवर वाळत घातलेल्या भोपळ्यांच्या पाठी सुवर्णकांतीने उजळून निघाल्या. पिवळे भोपळे, पांडुरके भोपळे, पोटात काळोख आणि त्या काळोखात अजून न जन्मलेला नाद घेऊन निजलेले भोपळे! वारा आला की ते एकमेकांना हळूच टेकत, पोकळ आणि मृदू बोलत. गल्ली त्या बोलण्यानेच जागी होई.

दस्तगीर आधीच जागा होता. डोळे पिवळे, पाय सुजलेले, ओठ कोरडे. तंबोरे घडवणारा हा कारागीर भिंतीला पाठ लावून आपल्या हातांकडे पाहत होता. थंडी नव्हती, ताप नव्हता, भय नव्हते. तरी ते थरथरत होते.

अहो, काय हात होते ते! तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात, तिला घोडी म्हणतात. त्या घोडीवर दस्तगीरची कानस फिरे ती श्वासासारखी, ऐकू येईल न येईल अशी. घोडी जरा घासावी, तारेखाली सुताचा धागा जरा सरकवावा, आणि मुक्या तारेला अकस्मात गुंजन फुटावे! त्या गुंजनाचे नाव जवारी. दस्तगीरच्या जवारीसाठी दूरदूरचे गवई त्याच्या ओसरीवर ताटकळत बसत.

मग दारू आली. आधी कुणाच्या मैफलीनंतर, मग रोज सांजेला, मग सकाळी तोंड धुण्याआधी. गवई रस्ता बदलून जाऊ लागले. लेकीच्या, नसीमच्या लग्नाची बोलणी उंबऱ्यावरूनच परत गेली. एके दिवशी रक्ताची उलटी झाली, इस्पितळात निजावे लागले. यकृताची पार वाट लागली आहे, आता एक थेंबही नको, असे डॉक्टरांनी बजावले. औषधांनी देह सावरला. हात तेवढे सावरले नाहीत.

आणि या वेड्याने काय करावे? हात स्थिर व्हावा, फक्त तेवढ्यासाठी, त्याने पुन्हा घेतली. हात खरेच दगडासारखा स्थिर झाला! सुहासिनीबाई नावाच्या जुन्या गायिकेच्या तंबोऱ्याची जवारी त्याने त्या धुंदीत लावली, तार छेडली आणि आनंदाने ढसाढसा रडला. केवढे ते गुंजन, केवढा तो नादमधुर पूर! पण ते गुंजन तारेत नव्हतेच; ते दारूचे होते, त्याच्याच कानांत भिनलेले. तार बिचारी नाकात बोलत होती. सुहासिनीबाईंनी तंबोरा गवसणीत घातला आणि त्या निघून गेल्या, हेच त्याला जास्त लागले.

न पिता हात हलतो, पिऊन कान जातो. आता काय करायचे माणसाने?

आज सुहासिनीबाईंनी तोच तंबोरा पुन्हा पाठवला होता, नवी घोडी बसवायला. निरोप एवढाच होता: दस्तगीरभाई, जवारी तुम्हीच लावायची.

हमीदा दारात येऊन उभी राहिली. नवऱ्याचे काम गेल्यापासून तंबोऱ्यांच्या गवसण्या शिवून ती घर चालवत होती.

"सांगून ठेवते," ती म्हणाली, "आज घेतलीत तर पोरीला घेऊन मी तासगावला भावाकडं जाते. परत यायची न्हाई. तुमची मयत बघत बसायला माझ्यात जीव न्हाई उरला."

तिचा आवाज चढला नव्हता. म्हणूनच दस्तगीर घाबरला.

त्याने घोडी बसवली, तारा चढवल्या. कानस उचलली. कानस थरथरली, घसरली, आणि घोडीच्या शुभ्र पाठीवर आडवा ओरखडा उठला. त्याने डोळे मिटले. एक घोट, मनाने म्हटले, फक्त एक घोट, कामापुरता. तो उठला आणि परसात गेला. तिथे भोपळ्यांच्या राशीमागे त्याने बाटली दडवलेली होती.

झाकण निघाले. बाटलीत ऊन शिरले आणि आतली दारू मधाच्या रंगाने पेटली. किती सुंदर दिसते ही बया! ऊन पिवळे, भोपळे पिवळे, दारू पिवळी. अवघी सकाळ एका पीतवर्ण स्वप्नात विरघळत चाललेली. बाटली ओठांजवळ आली.

तेवढ्यात आतून कानशीचा आवाज आला.

या घरातल्या बायका गवसण्या शिवत, भोपळे घासून लख्ख करत. पण जवारीची कानस बायकांनी धरायची नाही, असा पिढ्यांचा रिवाज. आणि आत नसीम, त्याची अबोल लेक, बापाच्या जागेवर मांडी घालून बसली होती आणि बापाची कानस चालवत होती. ओरखडा पुसत होती. एक फेरा, दोन फेरे... तिसरा चुकला. भिंतीपलीकडून, नुसत्या आवाजावरून, दस्तगीरला तो चुकलेला कळला.

"तिथं नको गं!" तो ओरडला. "अलीकडं ये!"

स्वतःच्याच ओरडण्याने तो चपापला. कान अजून शाबूत होता. ओठ कोरडे होते म्हणून शाबूत होता. हा घोट घेतला की तो जाणार, आणि पोर एकटी पडणार. भोपळ्यांच्या राशीवर त्याने बाटली उपडी केली. अंगातली प्रत्येक नस तिच्यासाठी आक्रोश करत होती, तरी केली.

आत येऊन तो लेकीशेजारी टेकला. "हलकं घास. अजून हलकं. तार छेड. ऊंहूं, अजून नाकातच बोलतीया. सूत सरकव. जरा मागं... बास! हात काढ!"

आणि तार उमलली. षड्जातून गंधार पाझरला, गंधारातून पंचम, आणि ती लहानशी खोली नादाने काठोकाठ भरून गेली. असे गुंजन त्याच्या हातांनी कधी काळी काढले होते. आता ते लेकीच्या हातांतून येत होते. त्याला अभिमान वाटला, आणि आतून काही तुटलेही. आपले हात गेले, हे त्याला त्या क्षणी कायमचे कळले.

हमीदा उंबऱ्यावर येऊन बसली. तिने त्याच्या तोंडाजवळ वाकून वास घेतला, लहान मुलाचा घ्यावा तसा.

"उद्या?" तिने विचारले.

"उद्याचं ठाऊक न्हाई," तो म्हणाला. "आज न्हाई घेतली."

"मग आज मी हाय," हमीदा म्हणाली.

नसीम तारा छेडत राहिली. दस्तगीरने आपला तळवा तंबोऱ्याच्या भोपळ्यावर ठेवला. हात थरथरत होता, भोपळाही थरथरत होता. नादाची थरथर, नसांची थरथर, एकीत एक मिसळलेली. आता हलत होते ते कोण, हे त्याला कळेना, लेकीला कळेना, आणि उंबऱ्यावरच्या त्या माउलीलाही कळेना.